चिमूटभर तंबाखू, तांदळाएवढा तुकडा

तारापूरचं अणुवीज केंद्र व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागलं ते १९६९च्या ऑक्टोबरात. त्याच वर्षी ‘कॅन्सर’ नावाच्या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात एक शोधनिबंध छापून आला. भारतातल्या ५०,९१५ खेडुतांच्या तोंडात डोकावून काय दिसलं, त्याचा तो हिशेब होता. या दोन गोष्टींना जोडणारा धागा मुंबईत सापडतो. होमी भाभांनी १९४५ साली स्थापन केलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्या अणुकार्यक्रमाचा पाळणा हलला. त्याच संस्थेत ‘बेसिक डेंटल रिसर्च युनिट’ नावाचा दातांच्या डॉक्टरांचा एक छोटासा विभागही होता. वैश्विक किरणांच्या शेजारी तंबाखू आणि सुपारी, असा हा शेजार.

पालघर जिल्ह्यात, बोईसर-तारापूरकडे कुणाला तोंडाचा कॅन्सर झाल्याचं कळलं की टपरीवरचा एखादा जण अणुकेंद्राच्या दिशेने मान हलवतो. मान हलवणाऱ्याच्या खालच्या ओठामागे बऱ्याचदा तंबाखूचा बार भरलेला असतो, त्यामुळे त्याला नीट बोलताही येत नाही. किरणोत्साराचा प्रश्न वेगळा आहे आणि त्याची उत्तरं वेगळ्या मोजमापांनी शोधायची असतात. तोंडातला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली वाचणाऱ्या शास्त्राने मात्र गेल्या ८० वर्षांत बोट दाखवलं आहे ते त्या बाराकडेच.

त्या शास्त्राला दंतवैद्यकात ‘ओरल पॅथॉलॉजी’ म्हणतात. मराठीत मुखविकृतिशास्त्र असा जड शब्द आहे. रुग्णाच्या तोंडी मात्र ‘तुकडा पाठवला’ एवढंच असतं. दंत महाविद्यालयात या विभागाकडे रुग्ण सहसा फिरकत नाहीत. दात काढणारे, बसवणारे, सरळ करणारे विभाग गजबजलेले असतात आणि इथे सूक्ष्मदर्शकांची रांग, मेणाचा वास, काचपट्ट्यांचे खण. विद्यार्थ्याची या विभागाशी पहिली गाठ पडते ती पहिल्याच वर्षी, तीही रोगाशी संबंध नसलेल्या कामासाठी. मेणाच्या ठोकळ्यातून दाढ कोरायची. तिचे उंचवटे, खाचा, मुळांचा कल, सगळं हुबेहूब. मग काढलेला खरा दात घेऊन तो दगडावर घासत बसायचं, इतका की पलीकडचा उजेड दिसावा. दाताचं कवच म्हणजे इनॅमल आम्लात टाकलं तर विरघळून नाहीसं होतं, म्हणून ते पाहायचं तर घासण्याला पर्याय नाही. दोन-दोन दिवस घासलेला दात शेवटच्या फेरीत बोटाखाली मोडतो, हा अनुभव जवळपास प्रत्येक दंतवैद्याच्या गाठीशी असतो. निरोगी दात आणि निरोगी गाल कसा असतो हे असं हातात मुरल्यावर, तिसऱ्या वर्षी बिघाड शिकवायला घेतात.

जागतिक पातळीवर या विषयाची वंशावळ सांगायची तर बर्लिनमध्ये काम करणाऱ्या विलोबी मिलरपासून सुरुवात करतात. तोंडातल्या सूक्ष्मजंतूंवरचा त्याचा ग्रंथ १८९० सालचा. दात किडतो तो जंतूंनी तयार केलेल्या आम्लामुळे, हे त्याने मांडलं. पुढे १९५८ साली अमेरिकेत शेफर, हाइन आणि लेव्ही यांचं पाठ्यपुस्तक निघालं आणि ‘शेफर’ हे नाव आपल्याकडच्या दंत विद्यार्थ्यांच्या जिभेवर असं बसलं की त्याच्या भारतीय आवृत्त्या अजून वाचल्या जातात. मुंबईत नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय १९३३ साली निघालं. दंतवैद्यकाचा कायदा आला १९४८ साली. आधी मुंबई विद्यापीठाची आणि १९९८पासून नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची पदवी, असा कागदोपत्री प्रवास आहे. तो सांगून संपतो. मला जास्त रस आहे तो या विभागातल्या एका प्रश्नात: काय खाता? आज तोंडाचा तुकडा तपासायला पाठवताना हा प्रश्न फॉर्मवर छापलेला असतो. तो तिथे आला कसा?

त्यासाठी परळला जायला हवं. टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं आणि त्याच्या प्रयोगशाळांची धुरा वसंत रामजी खानोलकरांकडे आली. जन्म १८९५ सालचा, क्वेट्ट्याला, गोमंतकीय मराठी कुटुंबात. १९२३ साली लंडनहून विकृतिशास्त्रातली एम. डी. पदवी; नंतर ग्रँट आणि सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयांत अध्यापन. भारतीय विकृतिशास्त्राचे जनक म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं, पुढे ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. तुकड्यांचा ढीग समोर येऊ लागला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की युरोपातल्या पुस्तकांतला कॅन्सर आणि परळच्या टेबलावरचा कॅन्सर जागा बदलून येतो आहे. इथे तो गालात, हिरडीत, टाळूवर, आणि चक्क कमरेच्या कातडीवर.

१९४५ साली त्यांनी सूर्याबाई या सहकारी संशोधकांबरोबर एक निबंध लिहिला. चालीरीतींशी जोडलेले कॅन्सरचे तीन नवे प्रकार त्यात मांडले होते. खालच्या ओठामागे तंबाखू-चुना धरून ठेवणाऱ्यांचा खैनी कॅन्सर, पेटतं टोक तोंडात ठेवून चुट्टा ओढणाऱ्यांच्या टाळूचा कॅन्सर, आणि कमरेला धोतर घट्ट कसून बांधणाऱ्यांचा धोतर कॅन्सर. चुट्ट्यासारखं असं उलटं ओढणं ही काही फक्त आंध्र किनाऱ्याची गोष्ट नव्हे. गोव्यातही बायका ‘धुमटी’ अशीच ओढत. गाठ तोंडात नेमकी कुठे आहे ते पाहून त्या माणसाची सवय ओळखायची, असा हा तपास होता. सूक्ष्मदर्शकावर बसलेल्या माणसाने धोतराच्या गाठीपर्यंत पोचावं, यात मला त्या काळाची मोठी धिटाई दिसते. विकृतिशास्त्रज्ञाने रुग्ण काय करतो हे विचारायचं नसतं, समोरच्या पेशींपुरतं बोलायचं असतं, असा शिरस्ता होता.

आता दुसरी कथा, आणि ती पालघरच्या प्रत्येक गावात चालू आहे. कुणीतरी तिशीतला माणूस जेवताना तक्रार करतो की भाजी फार तिखट झाली. बाकीच्यांना ती तशी लागत नाही. काही महिन्यांनी त्याला वडापाव तोडायला जड जातो. मग एक दिवस दातांचे डॉक्टर म्हणतात, तुमचीच तीन बोटं एकावर एक धरून तोंडात घाला पाहू. निरोगी माणसाची तीन बोटं जातात, कारण वरच्या-खालच्या दातांत साधारण ३५ ते ५० मिलिमीटर अंतर सुटतं. याची दोन जातात, पुढे एक. गालाच्या आत बोट फिरवलं तर पट्टे हाताला लागतात, ताणलेल्या सुंभासारखे. रंग गुलाबी न राहता संगमरवरासारखा पांढुरका.

वैद्यकाच्या छापील पानांवर हा आजार पहिल्यांदा आला तो १९५२ साली, आणि रुग्ण होत्या केनियात राहणाऱ्या पाच भारतीय स्त्रिया. श्वार्ट्झ नावाच्या डॉक्टरने त्याला एक लांबलचक लॅटिन नाव दिलं. त्यातल्या ‘इडिओपॅथिका’चा अर्थ ‘कारण ठाऊक नाही’. पुढच्याच वर्षी मुंबईचे कान-नाक-घसा तज्ज्ञ डॉ. एस. जी. जोशी यांनी इथल्या रुग्णांवर लिहिलं आणि ‘सबम्यूकस फायब्रोसिस’ हे नाव वापरलं. म्हणजे तोंडाच्या अस्तराखाली तंतू वाढून ते ताठर होणं. तेच नाव टिकलं. हल्लीचे निबंध सुश्रुतसंहितेतल्या ‘विदारी’पासून सुरुवात करतात. सुश्रुताने ६५ मुखरोग सांगितले हे खरं, पण विदारी म्हणजे हाच आजार हे जरा ओढूनताणून वाटतं. आपल्याकडे सुपारी पुष्कळ जुनी आणि हा आजार एवढ्या संख्येने दिसू लागला तो अलीकडे, हे कोडं अशा दाखल्याने सुटत नाही.

कारण शोधताना पहिला आळ आला मिरचीवर. खानोलकरांच्या शिष्या सत्यवती सिरसाट यांनी त्यांच्याच प्रयोगशाळेत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचं काम उभं केलं होतं. त्या दोघांनी उंदरांच्या टाळूला मिरचीतलं झणझणीत द्रव्य, कॅप्सायसिन, लावून पाहिलं आणि १९६० साली ते प्रसिद्ध केलं. दोन वर्षांनी सुपारीतल्या अरेकोलीनवरचा त्यांचा प्रयोग आला. मिरचीवर संशय जाणं अगदी साहजिक होतं. प्रत्येक रुग्ण येऊन पहिलं वाक्य तेच बोलायचा, ‘डॉक्टर, तिखट झोंबतं.’ परिणामालाच कारण समजण्याची ही चूक विज्ञानाच्या इतिहासात नवी नाही. आपल्या मसाल्याच्या डब्यापर्यंत ती पोचली, एवढंच तिचं वेगळेपण.

याच सुमारास कोपनहेगनहून येन्स पिंडबोर्ग भारतात येऊ लागले. १९२१ साली जन्मलेला हा डॅनिश माणूस जबड्यातल्या एका दुर्मिळ गाठीमुळे जगभर माहीत होता. तिला आजही पिंडबोर्गची गाठ म्हणतात. डेन्मार्कमध्ये बसून तोंडाच्या कॅन्सरच्या आधीची अवस्था शिकणं म्हणजे वाळवंटात बसून भातशेती शिकण्यासारखं. ती त्यांना इथे सापडली. लखनौ, बंगळूर, त्रिवेंद्रम आणि मुंबई अशा शहरांत दंतवैद्यांना हाताशी धरून प्रत्येकी १०,००० लोकांची तोंडं त्यांनी तपासली. मुंबईकरांवरचा अहवाल १९६५चा. त्यानंतर १९६६ साली पिंडबोर्ग आणि सिरसाट यांनी मिळून सबम्यूकस फायब्रोसिसची जी व्याख्या लिहिली, ती अजून परीक्षेत विचारतात. भायखळ्यापासून परभणीपर्यंत कुठल्याही दंत विद्यार्थ्याला मध्यरात्री उठवलं तरी तो ती म्हणून दाखवील. परळच्या बाई आणि कोपनहेगनचे गृहस्थ यांचं नाव एका श्वासात घेताना त्याला क्वचितच जाणवत असेल की केवढा प्रवास त्या दोन नावांत आहे.

रुग्णालयात येतो तो माणूस आधीच आजारी असतो. गावात राहणाऱ्या, दुखत नाही म्हणून डॉक्टरकडे न गेलेल्या माणसाच्या तोंडात काय चाललंय ते कळायचं तर त्याच्या ओसरीवर जायला हवं. बेसिक डेंटल रिसर्च युनिटने तेच केलं. फली मेहता त्याचे प्रमुख. बरोबर पिंडबोर्ग, डी. के. दफ्तरी आणि संख्याशास्त्रज्ञ प्रकाश गुप्ता. गुजरातेतलं भावनगर, केरळातलं एर्नाकुलम, आंध्रातलं श्रीकाकुलम, तेव्हाच्या बिहारातले दरभंगा आणि सिंहभूम अशा जिल्ह्यांत ते घरोघर गेले. १९६९च्या त्या निबंधातले ५०,९१५ लोक म्हणजे हेच. पुढे पुणे जिल्ह्यातल्या १,०१,७६१ खेडुतांची पाहणी झाली, ती १९७२ साली प्रसिद्ध झाली. तिथे भेटली मशेरी. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून, कुटून, बायका ती दातांना लावतात. पालघरच्या किनाऱ्यापासून जव्हार-मोखाड्यापर्यंतही ती माहीत आहे. दात घासण्याच्या नावाखाली सकाळी सुरू झालेला हात दिवसातून चार वेळा डबीत जातो आणि विचारलं तर बाई म्हणते, ‘मी कुठे तंबाखू खाते? मी नुसती मशेरी लावते.’ पाहणी करणाऱ्याला म्हणूनच ‘तंबाखू खाता का?’ असं विचारून भागत नाही. त्या त्या मुलखाचा शब्द ठाऊक हवा.

या पाहण्यांतून दोन गोष्टी पक्क्या झाल्या. कॅन्सर आणि त्याआधीचे पांढरे चट्टे जवळजवळ सगळे तंबाखूवाल्यांच्याच तोंडात होते. आणि सबम्यूकस फायब्रोसिसचा माग सुपारीकडे जात होता. एर्नाकुलमच्या ६६ रुग्णांवर १७ वर्षं नजर ठेवली, त्यांतल्या पाच जणांना कॅन्सर झाला, म्हणजे ७.६ टक्के. १९९० साली भावनगरमधले ६० रुग्ण आणि आजार नसलेले ६० जण यांची तुलना प्रसिद्ध झाली, तेव्हा सुपारीवाल्यांचा धोका शंभरपटीच्या घरात निघाला. मिरची सुटली.

सुपारी हे करते कशी, तेही हळूहळू उलगडलं. तिच्यातलं अरेकोलीन चुन्याच्या संगतीत अरेकेडीन बनतं, आणि ही द्रव्यं अस्तराखालच्या तंतू विणणाऱ्या पेशींना जास्त काम करायला लावतात. सुपारीत तांबं बऱ्यापैकी असतं, ते तंतूंना एकमेकांत गुंफणाऱ्या विकराला जोर देतं. तिसरा वाटा टॅनिनचा. चांभार कातडं कमावतो ते ज्या गुणाने, तोच गुण इथे गालाच्या आतून लागू होतो: तंतू कमावले जातात, शरीराला ते सहजी मोडता येत नाहीत. जिवंत माणसाचा गाल आतून चामडं होत जातो, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ साली तंबाखू नसलेल्या सुपारीलाही कॅन्सरकारक ठरवलं. ‘मी तंबाखू घेत नाही, नुसती सुपारी’ हा बचाव तिथे संपला.

काचपट्टीवर हे सगळं दिसतं तरी कसं? गालातून तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढून तो फॉर्मलिनमध्ये टाकतात, म्हणजे तो सडत नाही. मग चढत्या ताकदीच्या अल्कोहोलमधून त्यातलं पाणी काढायचं, झायलीनमध्ये बुडवायचं आणि वितळलेल्या मेणात मुरवून त्याचा ठोकळा करायचा. त्या ठोकळ्याचे चार-पाच मायक्रॉनचे पापुद्रे मायक्रोटोमवर निघतात. एका केसाच्या जाडीत असे दहा-पंधरा पापुद्रे मावतील. कोमट पाण्यावर पापुद्रा तरंगवून तो अलगद काचेवर झेलायचा, हे काम करणाऱ्या तंत्रज्ञाच्या मनगटावर अहवालाचं निम्मं भवितव्य असतं. नाव मात्र सही करणाऱ्याचं होतं. मग दोन रंग. झाडाच्या लाकडापासून मिळणारं हिमॅटॉक्सिलीन पेशींची केंद्रं निळी करतं, इओसीन बाकीचं गुलाबी. निरोगी अस्तराचा खालचा काठ साडीच्या निऱ्यांसारखा खालीवर जातो. या आजारात निऱ्या उलगडून काठ सपाट होतो, अस्तर पातळ होतं आणि खाली गुलाबी, एकसंध, पेशीविरहित तंतूंचा थर साचतो. स्नायूही त्यात अडकतात. केंद्रं आकाराने बेढब आणि गडद दिसू लागली, थर एकमेकांत घुसू लागले, की वाचणाऱ्याचा हात थांबतो. मग तो खालचे-वरचे थर पुन्हा पाहतो, शेजारच्या टेबलावरच्याला बोलावतो. तुकडा वापरून उरलेला मेणाचा ठोकळा फेकत नाहीत. क्रमांक टाकून खणात ठेवतात, आणि दहा वर्षांनी तोच माणूस पुन्हा आला तर जुना ठोकळा नव्याने कापता येतो.

पालघरला १ ऑगस्ट २०१४ रोजी स्वतंत्र जिल्हा मिळाला, पण तोंडातल्या तुकड्याची वाट अजून बरीचशी दक्षिणेला जाते. २०१३ साली विरार-डहाणू उपनगरी गाड्या सुरू झाल्या, तेव्हापासून बोईसरहून विरार, तिथून मुंबई सेंट्रल किंवा दादर, असा अर्धा दिवस मोडून रुग्ण जातो. औद्योगिक वसाहतीत तिन्ही पाळ्यांत काम करणाऱ्याला एक दिवस म्हणजे एक रोज. तारीख अहवालाची वेगळी, उपचारांची वेगळी. दुखत नसताना कोण जाईल? आणि हा आजार सुरुवातीला दुखत नाही, हीच त्याची खोड.

याच गाडीच्या वाटेवर केळवे रोड लागतं. केळवे-माहीमच्या वाड्यांत पानवेली फार जुन्या. इथली विड्याची पानं रेल्वेने थेट उत्तर हिंदुस्थानापर्यंत जात. विड्याच्या पानावर मी बोट ठेवणार नाही. आजीच्या ताटातला विडा जेवणानंतर एकदा असे, त्यात पान मोठं आणि सुपारीचे दोन तुकडे. गुटख्याच्या पुडीने हे प्रमाण उलटं केलं. पान गेलं, वाळलेली सुपारी, तंबाखू आणि चुना उरले, आणि खिशात मावेल, पाळीत केव्हाही फोडता येईल असं ते झालं. पूर्वी पन्नाशीत दिसणारं आखडलेलं तोंड विशीत दिसू लागलं त्याला हे कारण आहे. महाराष्ट्राने जुलै २०१२मध्ये गुटख्यावर बंदी घातली. तरी मुंबई-अहमदाबाद महामार्गावर तलासरी, चारोटी, मनोर इथे पकडलेल्या टेम्पोची बातमी अधूनमधून येतेच. २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातल्या २४.४ टक्के प्रौढांनी धूर नसलेली तंबाखू वापरत असल्याचं सांगितलं. आणि २०२०च्या जागतिक अंदाजानुसार भारतात ओठ आणि तोंडाच्या कॅन्सरचे नवे रुग्ण एका वर्षात सुमारे १ लाख ३६ हजार होते.

तुकड्यासोबत जाणाऱ्या फॉर्मवर नाव, वय, जखमेची जागा याखाली एक रकाना असतो: सवयी. काय खाता, दिवसाला किती वेळा, किती वर्षं, तोंडात कुठल्या बाजूला धरता, रात्री तसंच ठेवून झोपता का. परळच्या टेबलावर १९४५ साली पडलेला प्रश्न त्या रकान्यात येऊन बसला आहे. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात तो बहुधा घाईने भरला जातो. रुग्ण म्हणतो, ‘कधीतरी.’ लिहिणारा लिहितो, ‘कधीतरी.’ संध्याकाळी सूक्ष्मदर्शकाखाली सपाट झालेल्या निऱ्या आणि जाड गुलाबी थर दिसतो, तेव्हा वाचणारी डॉक्टर तो कागद पुन्हा उलटून पाहते आणि पेन्सिलीने ‘कधीतरी’पुढे प्रश्नचिन्ह काढते.